जेवणाऱ्या बाईचा सीन

या सदरातील अनुभव मी नियमित वाचतो, आणि बहुतेक वेळा निम्म्यावर सोडून देतो. वडाखालची बाई, बंद खोलीतली पावले... यांपैकी एकही साक्ष उलटतपासणीत टिकणार नाही, असे माझे मत होते. मी सोलापूरच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली. समोरचा जे बोलेल ते जसेच्या तसे उतरवायचे, पदरचे काही घालायचे नाही, एवढेच मला येते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही नाही. तरी हे लिहीत आहे, कारण जे घडले ते मला नाकारता आलेले नाही.

आधी आमच्या घरातील एक पद्धत सांगणे आवश्यक आहे.

मुले लहान असताना नवी पेठेतून टीव्ही आणला, त्याच दिवशी मी नियम घातला. पाहायचे ते सर्वांनी एकत्र पाहायचे, आणि संपल्यावर प्रत्येकाने न पटलेली एक तरी गोष्ट सांगायची. ज्याला सांगता येणार नाही, त्याला दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद. मूल टीव्हीने बिघडत नाही. दाखवतील त्याला मान डोलावण्याने बिघडते, असा माझा समज. मुलगा संजय कंटाळायचा. "सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे होते," हे एकच उत्तर त्याने कित्येक महिने दिले. धाकटी वैशाली मात्र तयार झाली. शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच ती म्हणाली होती, "अप्पा, ती बाई एवढी रडली, पण तिला नाक कुठं पुसावं लागलं?" मी तिला तेव्हा शाबासकी दिली नाही. पण ते वाक्य माझ्या लक्षात राहिले.

वैशाली लग्न होऊन पुण्याला गेली, तरी पद्धत चालू राहिली. संध्याकाळची एक मालिका. नाव देत नाही. सासू, सून, आणि प्रत्येक वाक्यानंतर तीन चेहऱ्यांचे क्लोजअप. ती तिकडे पाहायची, आम्ही इकडे. संपली की तिचा फोन यायचा आणि आम्ही दोघे एपिसोडची चिरफाड करायचो. एवढी वाईट मालिका रोज का पाहता, असे मला लोक विचारतात. मुलीशी बोलायला मला दुसरा विषय येत नाही, हे त्याचे उत्तर.

गेल्या वर्षी उन्हाळा लागताना तिच्या फोनमध्ये फरक पडला. "आज काय पटलं नाही?" असे विचारले की म्हणायची, "सगळं पटलं, अप्पा. छान होता एपिसोड." एखादे दिवशी ठीक. पण रोज? सूनबाई बेशुद्धीतून लिपस्टिकसह उठून बसली, तो एपिसोडही तिला पटला.

मी पत्नीला म्हणालो, "वैशालीचं काहीतरी बिनसलं आहे."

पत्नी अक्कलकोटकडच्या खेड्यातली. ती माझ्या हुद्द्याला कधीच घाबरली नाही. "सगळं पटलं म्हणती म्हंजे बिनसलं? लई झालं तुमचं. तिला संसार हाय की. चुका काढत बसायला ती काय तुमच्यावाणी रिटायर हाय व्हय?"

"घरी सगळं ठीक आहे ना?" असे मी वैशालीला सरळ विचारले होते. "ठीक आहे," असे तिने सांगितले होते. त्यापुढे कसे विचारतात, ते मला ठाऊक नाही.

ज्या दिवशी ते घडले, त्या संध्याकाळी भिंती अजून तापलेल्याच होत्या. पत्नी सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. मी खुर्चीत, हातात चहा. मालिकेत त्या दिवशी हळदीचा कार्यक्रम होता. आठवडाभर त्याची जाहिरात चालली होती. शीर्षकगीत संपले.

पडद्यावर हळद नव्हती. एक खोली होती.

खोलीची भिंत खालून ओल येऊन फुगली होती. खिडकीच्या गजांना नारिंगी प्लॅस्टिकची दोरी, तिच्यावर एकच टॉवेल. एक बाई जमिनीवर बसून जेवत होती. सुटकेस आडवी ठेवून तिच्यावर ताट मांडले होते. तिने घास केला, तोंडापर्यंत नेला, आणि परत ताटात ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. मग तिने ताट झाकले, उठून दाराची कडी लागली आहे ना ते पाहिले, आणि परत त्याच जागी येऊन बसली. बॅकग्राउंड म्युझिक नाही. कॅमेरा हलला नाही. बाई रडली नाही. भिंतीकडे पाहत राहिली... पुढे काय करायचे हे ज्याला सुचत नाही, तो माणूस पाहतो तसे. नटी मला अनोळखी होती.

माझ्या तोंडून "वा!" निघून गेले. एवढ्यात जाहिरात लागली.

एपिसोड संपण्याआधी मी कधी फोन करत नाही. त्या दिवशी केला.

"वैशाली, पाहिलास का?"

"हो अप्पा. छान होता."

"छान नव्हे, उत्तम. मला एकही चूक सापडली नाही. घास परत ठेवला, ते तर फारच..."

"कुठला घास?"

"ती सुटकेसवर ताट ठेवून जेवणारी बाई. खिडकीला नारिंगी दोरी, त्यावर टॉवेल. दोनदा घास परत ठेवला, मग उठून कडी पाहिली. तू पाहिलंस ना?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की तिच्या बाजूने टीव्हीचा आवाजच येत नव्हता. मालिकेचा नाही, जाहिरातीचाही नाही.

"अप्पा... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"माझ्याकडं टीव्ही नाही. मी ते घर सोडलंय. इथं खोली घेऊन राहते."

"कधीपासून?"

"झाले काही महिने."

कारणे तिची आहेत. ती येथे लिहिण्याची नाहीत. मी विचारले, "आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला पटलं नसतं."

मी म्हणालो, "पत्ता सांग. आम्ही सकाळी येतो. तोवर फोन ठेवू नकोस, आईशी बोल."

पत्नीने आधी मला विचारले, "काय झालं? त्वांड का असं झालंय?"

"तू आता टीव्हीवर काय पाहिलंस?"

"हळद की. तुमीच तर वा म्हणालासा. जल्मात पयल्यांदा. मला वाटलं, ह्यास्नी हळद आवडली."

मी तिच्या हातात फोन दिला. वैशालीचा आवाज ऐकताच पत्नीच्या मांडीवरचे सूप सरकले आणि शेंगा खोलीभर झाल्या. त्या रात्री कोणी उचलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला पोहोचलो. इमारत मी कधी पाहिलेली नव्हती. खोली मात्र पाहिलेली होती. फुगलेली भिंत, आडवी सुटकेस, नारिंगी दोरी. दाराची कडी सैल होती, म्हणून ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते, असे वैशालीने सांगितले. पत्नीने तिला जवळ घेतले. मी दोरी सोडायला गेलो. गाठ घट्ट होती, वेळ लागला.

सोलापूरला परतल्यावर संजयने ॲपवर तो एपिसोड लावून दिला. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. हळद आहे. नाच आहे. क्लोजअप आहेत. खोली नाही.

"अप्पा, डुलकी लागली असंल तुम्हाला," संजय म्हणाला.

डुलकीत माणूस चहा पीत नाही. शिवाय डुलकीत पाहिलेली खोली पुण्यात सापडत नाही. वैशालीने कोणाला फोटो पाठवला नव्हता. तिच्या आईला तर त्या खोलीचा पत्ताही नव्हता. ती पडद्यावरची बाई वैशालीसारखी दिसत नव्हती, हेही नोंदवतो. आज तिचा चेहरा मला आठवत नाही. साक्षीदारांचे चेहरे मी कित्येक वर्षे विसरलेलो नाही. हा चेहरा मात्र, कितीही प्रयत्न केला तरी, समोर येत नाही. त्या नटीला मी नंतर कोणत्याही मालिकेत पाहिले नाही.

वाचकांपैकी कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर मी ते वाचीन. पटेलच असे नाही. माझ्याकडे तर कोणतेच नाही.

वैशाली आता आमच्याकडे असते. एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. जेवते. मालिका संपली नाही, संपण्याची चिन्हेही नाहीत. मध्यंतरी एका संध्याकाळी, सासूबाईंचा क्लोजअप चालू असताना, तिने पडद्यावरची नजर न काढता विचारले, "अप्पा, त्या सीनमध्ये पुढं काय झालं?"

"जाहिरात लागली."

"मग?"

"मग मी तुला फोन केला."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि तिने आवाज वाढवला.

जाहिरातीनंतर ती बाई काय करणार होती, हे मी वैशालीला विचारलेले नाही. विचारणारही नाही.