अर्धी तुला, अर्धी मला

टक्. गोळी मोडल्याचा आवाज एवढाच. अंगठ्याचं नख गोळीवरच्या रेघेवर ठेवायचं, खालून बोटाचा टेकू द्यायचा आणि दाबायचं. मग दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन त्यातला मोठा कोणता, हे डोळे बारीक करून बघायचं. मोठा तुकडा धाकलीला, लहान स्वतःला. "अर्धी तुला, अर्धी मला," असं ती समोर कोणी नसलं तरी म्हणायची.

कर्जत-खोपोली रस्त्यालगतच्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसतो. खिडकी बुटकी, तिला गज. त्यामुळे मला माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त दिसतात. तुम्ही कधी अशा खिडकीशी बसला असाल, तर तुम्हालाही माहीत असेल, हातावरूनसुद्धा माणूस ओळखता येतो. तिचा हात तर लांबूनच कळायचा. रांगेतल्या चार जणींच्या मधून सरळ आत यायचा आणि पाठोपाठ आवाज, "दे रं भाऊ, बीपीची दे. शेतावर जायचंय."

तिला सगळे 'मोठी' म्हणायचे, कारण घरात एक 'धाकली' होती. दोघी जावा. दोघींचे नवरे गेलेले, पोरं आपापल्या संसाराला लागलेली. गावात वाटण्या झाल्या नाहीत असं घर शोधून सापडायचं नाही, पण या दोघींनी चूल काही वेगळी केली नाही. मोठी भातशेती बघायची. धाकली साजगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायची, ती सकाळी निघायची ते दिवेलागणीला परतायची.

मोठीला वाटून घेतल्याशिवाय काही गोड लागत नसे. माझी मुलगी पास झाली तेव्हा मी दवाखान्यात पेढे वाटले. हिने पेढ्याचे दोन भाग केले, एक तोंडात टाकला, दुसरा पदराच्या टोकाला बांधला. मी म्हटलं, "मोठे, अख्खा खा गं, धाकलीला दुसरा देतो." तर म्हणाली, "तू दिलेला तिचा झाला. मी दिलेला कुठंय?" मी दुसरा पेढा डब्यात परत ठेवला.

तिचं प्रेशर चांगलंच चढं असायचं. हाताला पट्टा बांधून हवा भरली की ती त्या पट्ट्यावरच ओरडायची, "सोड रं मेल्या, हात तुटंल!" नर्सबाई हसायच्या. गोळ्या वेळेवर संपायच्या, वेळेवर नेल्या जायच्या, तरी प्रेशर काही उतरेना. डॉक्टरबाईंनी मीठ विचारलं, सुकट विचारली, लोणचं विचारलं, झोप विचारली. गोळी बदलून बघितली. मला त्या म्हणाल्या, "ही बाई गोळ्या घेते की कोंबड्यांना टाकते?"

याचं उत्तर एका बाजाराच्या दिवशी खिडकीतच मिळालं. रांगेतल्या एका बाईला मोठी मोठ्या हौसेने गोळी कशी मोडायची ते शिकवत होती. टक्. मी ताडकन उठून बाहेर आलो.

"मोठे, गोळी का मोडलीस?"

"धाकलीला नको का?"

"धाकलीला बीपी आहे? तपासलंय कुणी?"

"तपासायचं काय त्यात? एका चुलीवरचं खातो आमी. तेच पानी, तेच मीठ. मला हाय तं तिला नसंल?" मग माझ्यावरच खेकसली, "तिला खाडा करता येत नाय कंपनीत, म्हनून तिची गोळी बुडवायची का?"

मी तिला पायरीवर बसवून समजावलं. म्हटलं, ही गोळी डॉक्टरबाईंनी तुझ्या प्रेशरच्या मापाने दिली आहे. अर्ध्या गोळीने ते आवरत नाही. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तुला कळत नाही. पण आत नसांवर जोर पडतोच आहे, आणि एक दिवस डोक्यातली नस फुटली तर तोंड वाकडं होईल, हातपाय जातील, जीवसुद्धा जाईल. धाकलीला सुट्टीच्या दिवशी घेऊन ये. बीपी निघालं तर तिच्या गोळ्या तिला वेगळ्या देतो. तोवर तू पुरी घे.

"मापाची म्हंजे?" ती म्हणाली. "झंपर हाय का?"

मी चिडलो. तिला हसू आलं. जाताना मात्र तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "घेते रं बाबा पुरी. तू नको तुझं बीपी वाढवू." त्यापुढे दर खेपेला मी विचारायचो आणि दर खेपेला ती मान डोलवायची. धाकलीला आणायचं मात्र राहूनच जायचं. कधी कंपनीत जास्तीचं काम, कधी कुणाचं लग्न, कधी भाताची झोडणी.

झोडणीतच ती पडली. खळ्यावर पेंढी उचलताना म्हणे तिने पेंढीला काहीतरी सांगितलं आणि खाली बसली. सुट्टीचा दिवस होता, म्हणून धाकली बरोबर होती. भाताच्या टेंपोतून तिला आणलं. केसांत तूस अडकलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोळागोळा. पट्ट्यावरचा आकडा बघून नर्सबाईंनी तो पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही तोच आला.

डॉक्टरबाईंनी रुग्णवाहिका बोलावली आणि शिरेतून औषध सुरू केलं. अशा वेळी नातेवाईक म्हणतात, एकदम उतरवा की. तसं चालत नाही. झटक्यात खाली आणलं तर मेंदूला रक्त पुरत नाही. थोडं द्यायचं, थांबायचं, मोजायचं, पुन्हा द्यायचं. वर्षानुवर्षं जे सावकाश, एकेका गोळीने व्हायचं होतं, ते आम्ही त्या खाटेशी उभं राहून करत होतो.

मोठी शुद्धीवर होती. तिचा डावा हात कमरेशी काहीतरी चाचपडत होता. आम्हाला वाटलं लुगडं सैल करायचंय. धाकली वाकली, तसा मोठीने मूठ काढून तिच्यापुढे उघडली. तळहातावर अर्धी गोळी होती. घामाने जरा विरघळलेली. वाकड्या तोंडातून ती जे बोलली, ते शब्द नव्हते, पण धाकलीला आणि मला ते कळलं. धाकलीने गोळी घेतली आणि तिच्या डोळ्यांदेखत तोंडात टाकली. मग मोठीने डोळे मिटले.

खोपोलीच्या शिळफाट्याच्या पुढे, पनवेलच्या वाटेवर, ती गेली.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. बरोबर प्रेशरचं मशीन नेलं होतं. ओटीवर बसून धाकलीचा हात तपासला. प्रेशर अगदी जिथे असायला हवं तिथेच होतं. तिला कधी गोळी लागलीच नव्हती.

ती उठून आत गेली आणि पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण उघडून तिने तो माझ्यापुढे धरला. आत अर्ध्या गोळ्या होत्या. गुलाबी, पांढऱ्या, पिवळट पडलेल्या. डबा गळ्यापर्यंत भरलेला. आणि बहुतेक सगळे मोठे तुकडे.

"कडू लागायची रं भाऊ," ती म्हणाली. "आनि मला काय होत बी नव्हतं. पन ती पहाटेची उठून माझ्या हातावर ठेवायची. नको म्हनून तिचं मन कसं मोडू? गालात धरायची, ती पाठमोरी झाली की काढायची. त्या दिसाची तेवढी गिळली."

झाकण लावून तिने विचारलं, "पुरी घेतली असती तं राह्यली असती का?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं आणि ते तिला कळलं. डबा टाकून देतो म्हणालो, तर तिने तो पदराखाली घेतला.

आता धाकली दर महिन्याला कंपनीत खाडा करून येते. रांगेत उभी राहते, तीही अशी की शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. मागच्या बाया पुढे सरकायला सांगतात, ती सरकत नाही. कुणी कागद फाडला, पाकीट मोडलं, की मी मान वर करतो आणि त्या रिकाम्या जागेतून एक हात आत येईल असं मला वाटतं.

नर्सबाई तिला पट्टा बांधतात, आकडा बघतात, म्हणतात, "छान आहे गं, काही नाही तुला."

"नीट बघा," ती म्हणते आणि दुसरा हात पुढे करते.

दुसऱ्या हातातही काही नसतं. मग ती माझ्या खिडकीशी येते, गजांतून रिकामा तळहात आत धरते.

"आमी एका चुलीवरचं खाल्लं रं भाऊ," ती म्हणते. "मंग मला कवा येनार?"