जिभेखालचे थेंब

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे औषधांवरचं बारीक अक्षर वाचायचं खातं माझ्याकडे. अण्णांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आयुष्यभर पोती वाहिली. काम सुटलं आणि मणक्यातली नस अशी धरली की जेवायलाही बसवेना. भिंतीला टेकून उभ्यानेच जेवायचे. ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणारं नव्हतं, गोळ्यांनी हात टेकले होते. शेवटी वैद्यांनी भांगेच्या पानांचं तेल लिहून दिलं.

बाटली बघून अण्णा भडकले. "बीएस्सी करून घरात गांजा आणलास व्हय? हमालांच्या टोळीत कुणी ओढला तर मी हाकलून द्यायचो!"

"ओढायचा नाही, अण्णा. जिभेखाली थेंब सोडायचे. चिठ्ठीवर मिळतं, कायदेशीर आहे."

आईने तरीही खिडक्या लावून घेतल्या, सोसायटीत वास जायला नको म्हणून. मग ती अण्णांकडे वळली.

"पोतं पाठीवर घेताना दोघं जण हात लावायची ना तुम्हाला? का एकटंच उचलून घ्यायचा?"

"एकट्यानं कोण उचलंल? येडी का काय!"

"मग आता बी घ्या की हात."

अण्णांनी गुपचूप तोंड उघडलं.

दुखणं काही पळून गेलं नाही. पण काही दिवसांनी एका दुपारी अण्णा हळूच खाली टेकले, पाय पसरले आणि ताट पुढ्यात ओढलं. आई भाकरी हातात घेऊन नुसती बघतच राहिली.

"वाढ की," अण्णा म्हणाले, "आन् ती खिडकी उघड. वास आमटीचाच येतोय."