आपाच्या माडीवरची रेघ

जरीनाआपा गेल्याचा फोन तिच्या मुलानं, इरफाननं, नांदेडच्या दवाखान्यातून केला तेव्हा मी भाकरी थापत होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाला. तव्यावरची भाकरी करपली आणि मला आधी रागच आला. औषधं वेळेवर घे म्हणून किती कानीकपाळी ओरडले होते! तर ही बाई म्हणायची, "अगे सुनंदा, हाडं म्हातारी झाली, औषध काय करणार?" परवा तिचा चाळीसवा दिवस झाला, तरी राग काही उतरत नाही.

लातुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण मैत्री झाली भूकंपाच्या साली, मैदानात ताडपत्रीखाली. घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. तिथंच तिला खबर मिळाली, निलंग्याकडं दिलेली धाकटी बहीण माळवदाच्या दगडमातीखाली गेल्याची. आतून आवाज येत होता म्हणे, पण दारामागं ढिगारा, दार ढकललं जाईना... तेव्हापासून आपाचे दोन हट्ट. डोक्यावर वजन नको, दारासमोर काही नको. माझ्याकडं आली की दाराजवळचं पाण्याचं पिंप बाजूला सारायची. ती गेली की मी ते पुन्हा जागेवर आणायची.

पुढं क्लासेसचं पीक आलं आणि आपानं माडीवर क्लासच्या मुली भाड्यानं ठेवल्या. मिस्त्री म्हणाला, चांगली दगडी फरशी घाला. "वर दगड नक्को," म्हणाली, आणि लाकडासारख्या दिसणाऱ्या विनाइलच्या हलक्या पट्ट्या बसवून घेतल्या. गल्ली हसली, मीही हसले. पोरी त्यावर लोखंडी पलंग ओढायच्या, सँडल घासायच्या, आणि आपा दुखरे गुडघे घेऊन डागडुजीचा पत्र्याचा डबा उघडून बसायची. काळे डाग खोडरबरानं जायचे. खोल चरा असला की मेणाचे खडू मेणबत्तीवर मऊ करायची, रंग जुळेपर्यंत एकात एक मिसळायची, चऱ्यात दाबायची आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडून सपाट करायची. मी म्हणायची, एकदा ओरड की त्यांना. "पोरी हायत गे, पाखरं न्हाईत. चालणारच," म्हणायची.

त्यात हदगावची एक होती, अबोल. चाचणीत मार्क पडले नाहीत. दुपारी तिनं पलंग ओढून दाराला लावला आणि हाकेला ओ देईना. बाकीच्या मुली रडायला लागल्या, इरफान दार तोडायला धावला. आपानं त्याला मागं सारलं आणि उंबऱ्याशी बसली. मी जिन्यात उभी. मार्कांचं एक अक्षर काढलं नाही तिनं. "बेटा, दार उघडू नको. रडायचं तर रड. पलंग तेवढा मागं घे. जमीन हलली तर मला तुला काढता यायचं न्हाई. माझ्या बहिणीला न्हाई काढता आलं." आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली. मग आतून लोखंड घासल्याचा आवाज आला. आजवर इतका गोड आवाज मी ऐकलेला नाही. दार मग त्या मुलीनंच उघडलं.

जमिनीवर दोन रेघा उमटल्या होत्या. एक दाराकडं गेलेली, दुसरी तिरपी, परत आलेली. दुसऱ्या दिवशी आपानं मुलीला शेजारी बसवलं, खडू तिच्याच हातात दिला आणि पहिली रेघ भरून घेतली. दुसरी तशीच. "ही कुणी भरायची, मी?" मी विचारलं. आपा म्हणाली, "ती राहू दे. पलंग मागं घेतल्याची हाय."

ती मुलगी आता हदगावला शाळेत शिकवते. चाळीसव्याला आली होती. माडीवर एकटीच गेली आणि डोळे पुसत खाली आली.

नव्या मुली यायच्या आधी इरफाननं फरशीवाला बोलावला होता. मी त्याला परत पाठवलं आणि डबा घेऊन स्वतः बसले. गुडघ्यांनी छळलं. रंगही आपासारखा जुळला नाही, ठिगळं लांबूनसुद्धा दिसतात. पण सगळे चरे भरले. ती एक रेघ मात्र फडक्यानं पुसून तशीच ठेवली.

घरी आले आणि दाराजवळचं पिंप बाजूला सारलं. आता ते बाजूलाच असतं.