पालथा हात

ट्रकमधून उतरलं की मामा आधी चाकांकडे जायचे. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. सहाही चाकांभोवती एक फेरी. प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेल्या लोखंडी हबला उजवा हात पालथा लावायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि पुढे व्हायचं. घरात लेकराचा ताप बघतात ना, अगदी तसं.

कारखान्यात नव्याने आलेल्या इंजिनीअर मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मामा, सरळ हात का नाही लावत?"

"तळहाताला घट्टे पडलेत, इंजिनीअरबाई. त्याला सगळंच गार लागतं. मागची बाजू अजून कोवळी आहे, ती खोटं नाही बोलत."

ती हसली. चाकांचं तापमान सांगणारी यंत्रं पुढच्या ट्रकपासून बसणारच होती. म्हाताऱ्याची खोड, म्हणून तिने सोडून दिलं.

मामा चाचणीचे ड्रायव्हर होते. त्याआधी अठरा वर्षं त्यांनी लष्कराची रसद वाहिली होती: पीठ, औषधं, टायर, दारूगोळा आणि सगळ्यात जास्त डिझेल. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा पुसता पुसता म्हणाले, "आम्ही सीटखाली वाळूची पोती ठेवायचो. रस्त्यात पुरलेलं काही फुटलं तर तेवढाच आडोसा. पाय बाकी देवाच्या भरवशावर."

म्हणून त्या इंजिनीअर मुलीच्या पोलादी पत्र्यावर त्यांचा जीव होता. नव्या चिलखती ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीदाराच्या पायांखाली जो जाड पत्रा बसवला होता, तो तिने आखलेला. चारशे किलोंचा. मामा रोज ट्रकमध्ये चढले की त्यावर दोनदा टाच आपटायचे आणि म्हणायचे, "बसा आता निवांत."

अडलं ते डिझेलपाशी. एका टाकीत सहाशे किलोमीटर, ही अट होती. कारखान्यामागच्या डोंगरवाटेची एक फेरी चाळीस किलोमीटरची. पंधरा फेऱ्या झाल्या की ट्रक पास. पण चौदावी संपली की टाकी कोरडी पडायची. तीनदा पडली. चौथ्या दिवशी साहेबांनी बैठकीत सांगून टाकलं, "सोमवारी तो पत्रा काढा. चारशे किलो कमी होतील, उरलेलं इंजिनातून काढू."

तिने मान खाली घातली. हिशेब तिनेही केला होता, आणि त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

दाराशी उभे असलेले मामा म्हणाले, "साहेब, तहानलेला ट्रक वाईटच. त्याच्यामागे टँकर लागतो, टँकरला सोबत लागते, सोबतीला पुन्हा डिझेल लागतं. मला पटतंय. पण पत्रा डिझेल पीत नाहीये. पाचवं चाक पितंय."

"मामा, फेरी संपल्यावर सगळी चाकं तपासली आहेत. सारखीच आहेत."

"फेरीचे शेवटचे आठ किलोमीटर सपाट आहेत. ब्रेकला पाय लागत नाही. तोवर चोर हात धुऊन मोकळा! तरी पाचवं कोमट लागतं मला. मध्येच उतरून बघू द्या."

"मध्ये थांबलात तर चाचणी बाद होते."

"मग एक चाचणी माझ्या नावावर नापास करा. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय, माझी बढती थोडीच अडणार आहे?"

साहेबांना हसू आवरलं नाही. "तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जा. पण हिला सोबत न्या, काय दिसेल ते ही लिहून घेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या शेजारच्या सीटवर बसली. ड्रायव्हर म्हणून तिने मामांना प्रथमच पाहिलं. एवढं बारा टनांचं धूड, पण ते त्याला ओढत नव्हते की दामटत नव्हते. उतार यायच्या आधीच त्यांचा पाय सुटलेला असे, चढ यायच्या आधीच गिअर बदललेला असे. रस्ता त्यांना पुढून नव्हे, पायाखालून दिसत असावा.

सलग सात वळणांचा उतार संपला तसा त्यांनी ट्रक कडेला घेतला. दोघं उतरली. पहिलं चाक गरम. दुसरं, तिसरं, चौथं तेवढंच गरम. पाचव्याला हात टेकला न टेकला आणि मामांनी तो झटक्यात मागे घेतला.

"बघा."

तिने हात पालथा केला आणि लावला. बोटांमागे चटका बसला. ब्रेकवरचा पाय केव्हाच निघाला होता, तरी ब्रेक ते चाक धरूनच बसला होता. ट्रक पुढे जात होता, हे चाक मागे ओढत होतं, आणि त्या भांडणात डिझेल जळत होतं.

ती खाली वाकली. त्या चाकाच्या ब्रेकची हवा नेणारी नळी तिच्या पत्र्याला वळसा घालून गेली होती, फार तंग वळसा. आतली हवा वेळेवर सुटत नव्हती. ती नळी तिनेच वाकवली होती, पत्र्याला जागा व्हावी म्हणून.

"मामा, ही चूक माझी आहे."

"असू दे. चूक सापडली की ती कुणाची राहत नाही, दुरुस्तीची होते. उठा, गुडघे मळतील."

नळी नव्या वाटेने गेली. पत्रा जागेवर राहिला. पुढच्या चाचणीत चौदावी फेरी संपली, पंधरावी संपली आणि ट्रक चालूनच फाटकातून आत आला. अर्ध्या तासाने टाकीत पट्टी बुडवून पाहिली, तर आत अजून डिझेल होतं. पट्टीवरची ती ओली खूण सगळे नुसते पाहत राहिले. तिच्या मनात आलं, ह्या दोन बोटं डिझेलमुळे कुठल्याशा रस्त्यावरून एक टँकर कमी जाईल, आणि त्याचा ड्रायव्हर घरी असेल. आपण कुणामुळे घरी आहोत, हे त्याला कधीच कळणार नाही. मामांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ते पाचव्या चाकाशी डोळे मिटून उभे होते.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत ते गेले. झोपेत, काही त्रास न होता. ती घरी भेटायला गेली तेव्हा मामी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या. तोवर तशा दोनशे ट्रकांत ड्रायव्हरच्या पायांखाली तो पत्रा गेला होता. ते मामींना सांगावं म्हणून ती आली होती, पण आधी मामीच बोलल्या.

मामा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मामींचं डोकं दुखत होतं. मामा उठून आले, कपाळाला हात पालथा लावला, क्षणभर डोळे मिटले.

"ताप नाहीये," ते म्हणाले. "उगाच गोळी घेऊ नकोस. बस, चहा मी टाकतो."