परीक्षा आहे, सांगू नका

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की आधी विचारतात, कुणाची परीक्षा चालू आहे का? असली तर त्या लेकराला कळू द्यायचं नाही. सगळं उरकायचं आणि पेपर संपले की सांगायचं. याला माया म्हणतात. म्हणोत बापडे. मी म्हणत नाही.

माझे अण्णा गेले तेव्हा मी संभाजीनगरात खोली घेऊन सरकारी नोकरीच्या परीक्षेचे पेपर देत होते. घर वैजापूरला. रोज संध्याकाळी फोन करायचे आणि थोरला भाऊ सांगायचा, "अण्णा आत्ताच झोपलेत." दुसऱ्या दिवशी, "मार्केट यार्डात गेलेत." आई शेजारीच बसलेली असायची म्हणे, तोंडाला पदर लावून. शेवटचा पेपर झाला तशी मी शहागंजातून अण्णांच्या सदऱ्याला कापड घेतलं आणि हरखून गाव गाठलं. दार भावानं उघडलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

आमच्यात डोकं कधी भादरतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कापडाची पिशवी त्याच्या अंगावर फेकली आणि तिथंच उंबऱ्यात बसले.

मी पास झाले. नोकरी लागली, शहरात फ्लॅट झाला. तेव्हापासून दर लग्नात, दर बारशात कुणी ना कुणी पाठीवरून हात फिरवतंच. "सांगितलं असतं तर ही खुर्ची मिळाली असती का गं?" नसती मिळाली. मग? खुर्ची मिळाली म्हणून माझा बाप माझ्यापासून लपवून जाळायची मुभा मिळाली का तुम्हाला? मी नापास झाले असते तर हेच लोक माझ्यासमोर माना खाली घालून बसले असते. खोटं तेच, करणारेही तेच. मग निकाल लागल्यावर त्याचं पुण्य कसं झालं, एवढं मला सांगा.

मागच्या वर्षी भावाची मुलगी नीटच्या अभ्यासाला माझ्याकडे राहत होती. आजीनं वाढवलेली पोर. ऐन पेपरच्या दिवशी सकाळीच भावाचा फोन आला. रडत होता. "आई गेली गं. दुपारच्या आत उरकतोय. तू निघ. पोरीला काय बी सांगू नको, शेजारच्यांसंगं पेपरला धाड तिला."

माझीही आई होती ती. पण रडू फुटायच्या आधी डोक्यात तिडीक गेली. "दादा, परत तेच? मी सांगणार तिला."

"येडी झालीस का? वर्ष जाईल तिचं!" त्यानं फोन कट केला.

ती आरशासमोर वेणी घालत होती. तिला जवळ बसवलं आणि आजी गेल्याचं सांगितलं. मग म्हटलं, "मी गाडी काढते. परीक्षेला म्हणशील तर परीक्षेला सोडते, वैजापूरला म्हणशील तर वैजापूरला नेते. दोन्ही होणार नाही. तुझं तू ठरव, मी तुझ्या बाजूनं आहे." ती लई रडली. मग डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "वैजापूर."

भावानं अंगणात सगळ्यांसमोर मला नाही नाही ते ऐकवलं. वैरीण म्हणाला. मी ऐकून घेतलं, पण मान खाली घातली नाही. पोरीचं वर्ष गेलं, हे खरं. यंदाही नंबर लागला नाही, म्हणून बीएस्सीला आहे. भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही आणि सगळं खापर माझ्यावर फुटलंय. फुटू द्या. उद्या पुन्हा अशी वेळ आली तरी मी सांगणारच.

आणि परवा ती पोरगीच म्हणाली, "आत्या, तू सांगायला नको होतंस. आज मी मेडिकलला असते."

लागलं मला. खोटं कशाला बोलू, लई लागलं. पण माफी मागितली नाही. "असतीस कदाचित," म्हटलं. "राग माझ्यावर काढ, हक्क आहे तुझा. पण एक सांग, तिरडी उचलायच्या आधी आजीच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं?"

ती म्हणाली, "मी."

"अण्णांच्या तोंडात कुणी घातलं, ते मी आजवर कुणाला विचारू शकले नाही."