भासऱ्यांचे इलाज आणि आमची कुत्री

ज्या माणसाला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत नव्हतं, त्याने दिवाणावर बसल्या बसल्या आमच्या कुत्रीला काय झालंय ते सांगून टाकलं.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाचणगावहून आमच्याकडे बोरगाव मेघेला आले होते. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. मधल्या दिवसांत त्यांना काही काम नव्हतं, म्हणून ते डॉक्टर झाले.

कुत्री साधी गावठी, तपकिरी. मुलगी शिकायला बाहेर गेली त्या वर्षी दारात आली आणि राहिली. भासरे आले त्या उन्हाळ्यात तिने खाजवायला सुरुवात केली. शेपटीच्या वरचा भाग ती दातांनी कुरतडायची. तिथले केस गेले, कातडी लाल झाली, मग ओली.

"अबे, हे गरमी होय," भासरे नवऱ्याला म्हणाले. "कुत्रीले अंडे चारून राह्यला तू. मंग अंगातून फुटंल नाई तं काय?"

त्या दिवसापासून अंडं बंद. ताक-पोळी सुरू. कुत्री ताक प्यायची आणि खाजवायची.

माझ्या नवऱ्याबद्दल काय सांगू? शाळेत क्लार्क आहे, चार लोकांत नीट बोलतो, पण थोरला भाऊ समोर आला की त्याचं वय दहा होतं. भाऊ म्हणाला गरमी, तर गरमी. आठ दिवसांनी भाऊ म्हणाला जळलेलं ऑइल लाव, तर हा गॅरेजमधून गाडीचं काळं ऑइल घेऊन आला आणि तिच्या पाठीवर चोपडलं. ती दिवाणाखाली जाऊन ते चाटत बसली. संध्याकाळपर्यंत तीनदा ओकली. सगळ्या खोलीला गॅरेजचा वास.

"वास येऊन राह्यला, म्हणजे औषध लागू पडून राह्यलं," भासरे म्हणाले.

आणि मी? मी फरशी पुसली. अठरा वर्षं मी भासऱ्यांशी थेट बोलले नव्हते. आमच्या घरची रीत. त्यांना चहा हवा का हे मी नवऱ्याला विचारायची, नवरा त्यांना विचारायचा, आणि तिघेही एकाच खोलीत. ही रीत मी पाळली, आणि तिकडे ते जनावर स्वतःची कातडी चावून काढत होतं. त्यांच्या अडाणीपणाचा राग येतो, पण त्या फरशी पुसण्याची जास्त लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात नवरा नाचणगावला जाऊन आला. पिशवीत शरबताची एक जुनी बाटली होती, अर्धी भरलेली. झाकण उघडल्याबरोबर माझ्या नाकात झोंबलं.

"हे काय होय?" मी विचारलं.

"कपाशीवर मारतो ते," नवरा म्हणाला. "दादा म्हणते, पान्यात थोडं टाकून अंग पुसून घ्यायचं. एका दिवसात साफ."

मी बाटली त्याच्या हातातून घेतली आणि दिवाणासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, हे आधी तुमच्या पाठीले लावून पाहू. मंग कुत्रीले."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तेवढीही हिंमत निघाली नाही. त्यांनी मान वळवली आणि नवऱ्याला विचारलं, "इले काय झालं बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्रीला ऑटोत घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. नवरा आला तिला धरायला. भासरेही आले, काळा चष्मा लावून, डॉक्टरला समजावून सांगायला.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बारीक फणीने कुत्रीचे केस विंचरले. फणीत काळी कोंड्यासारखी कणी आली. ती त्यांनी ओल्या कापसावर टाकली, तसा तिच्याभोवती तांबूस डाग पसरला.

"पिसवांची घाण आहे ही. पचलेलं रक्त," त्या म्हणाल्या. "पिसवांची अलर्जी आहे हिला."

"पिसू तं एकबी दिसत नाई," भासरे म्हणाले.

"अलर्जी असली की एक-दोन चावे पुरतात, काका. बाकीच्या तीच चाटून गिळते. घरात कोणाला घोट्याजवळ चावतं का?"

आम्ही दोघांनी भासऱ्यांकडे पाहिलं. आल्यापासून ते मच्छरांना शिव्या देत होते. त्या क्षणीही ते एका पायाने दुसरा पाय खाजवत होते.

"आणि हे काळं कोणी लावलं? ह्याने कातडी भाजते, पोटात गेलं तर विष आहे." नवऱ्याने छताकडे पाहिलं. भासरे भिंतीवरची गाईची तसबीर न्याहाळू लागले. कपाशीच्या औषधाचं मी सांगितलं, तेव्हा बाई हातातलं काम थांबवून म्हणाल्या, "ते लावलं असतं, तर तुम्ही तिला इथे आणेपर्यंत ती राहिली नसती."

खाजेच्या गोळ्या मिळाल्या, मानेवर दर महिन्याला टाकायचे थेंब मिळाले. पण निम्मा इलाज घरात करायचा होता. भासरे झोपायचे ती दिवाणाची गादी मी उन्हात टाकली, चादरी उकळत्या पाण्यात घातल्या, फरशीच्या भेगा रोज झाडल्या. भासरे खुर्चीवर बसून बघत होते. दोन आठवड्यांनी एक पिसू पुन्हा दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "डॉक्टरीनचं औषध फेल!" कोशातल्या पिसवा कित्येक आठवडे निघत राहतात, हे बाईंनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं. मी झाडत राहिले.

दुसऱ्या महिन्यात कुत्रीच्या पाठीवर मऊ लव आली, मग केस. अंडं सुरू झालं. भासऱ्यांचा दुसरा डोळाही बरा झाला आणि ते गावी गेले.

पुढे नात्यातल्या एका लग्नात मी पंगतीत वाढत होते. भासरे शेजारच्याला सांगत होते, "मी ऑइल लावाले लावलं, तवा कुठं केस आले." नवरा बाजूला बसून मान डोलवत होता.

मी बुंदीचं भांडं खाली ठेवलं. "पिसवा तुमच्या गादीत होत्या, भाऊजी," मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले.

कोणीतरी हसलं. भासऱ्यांनी ताटावर वाकून बुंदी संपवली.