नवऱ्याच्या चष्म्यावरचं कुंकू

आमच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिची पूजा होते. टेम्पोची झाली, मिक्सरची झाली. संडासात नवं भांडं बसवलं तेव्हा सासूबाईंनी त्यालाही लांबूनच हळदकुंकू वाहिलं. मग पाण्याखाली घालायचा चष्मा कसा सुटेल?

तो नवऱ्याने मोबाईलवरून मागवला होता. काळ्या रबराचा, समोर जाड काच, डोळ्यांबरोबर नाकही आत घेणारा. हौस म्हणून नव्हे. आमच्या पंपाचा पाइप धरणाच्या पाण्यात सोडलेला आहे आणि त्याच्या टोकाच्या जाळीला कुणाचं तरी मासे धरायचं जुनं जाळं गुंडाळलं होतं. पंप नुसता घुमायचा, पाणी ओढायचा नाही. इकडे भुईमुगाच्या फुलांतून मातीकडे आऱ्या सुटलेल्या. त्या ओल्या मातीत शिरल्या तर शेंगा, नाहीतर गुरांना पाला. आठ दिवस पाणी नव्हतं, वाफ्यातली ढेकळं पायाला खड्यांसारखी टोचत होती.

सासूबाईंनी तेलात कुंकू कालवून काचेला बोट लावलं, तेही आतून. "भायेरनं लावलं तर पाण्यानं जाईल की," म्हणाल्या. मग निरांजनाने ओवाळलं.

नवरा इळा घेऊन पाण्यात उतरला आणि लगेच वर आला.

"काय बी दिसंना. आत समदं धुकं झालंय."

"म्हाबळेश्वरला गेलायस का काय?" काठावरून धाकटे दीर म्हणाले. त्यांना पोहता येत नाही, पण सल्ला देता येतो. "खोबरेल चोळ काचेला."

खोबरेल चोळलं. आता धुकंही दिसेना. दुसऱ्या बुडीला नवऱ्याने चाचपडत इळा चालवला आणि जाळ्याऐवजी स्वतःचं बोट कापून घेतलं. मी चिंधी फाडून बोटाला बांधली. त्या जाळ्यात खाली पायच अडकला असता तर?

मी सासूबाईंना हळूच म्हणाले, "आत्याबाई, काच धुवून आणू का?"

"कुंकू पुसतीस व्हय गं नवऱ्याचं? आन त्यो पाण्यात उतरायच्या टायमाला?"

मी चष्मा होता तिथे ठेवला. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दुपारी सगळे भाकरी खायला बसले तेव्हा मी मोबाईल घेऊन गोठ्यामागे गेले. व्हिडिओतला गोरा माणूस काय बोलत होता ते चौथीपर्यंतच्या शिक्षणात बसणारं नव्हतं, पण त्याचे हात कळत होते. त्याने नव्या चष्म्याच्या काचेला आतून दात घासायची पांढरी पेस्ट फासली, बोटाने खूप वेळ घासली, धुतली. अहो, म्हणजे नवं स्टीलचं ताट! त्यालाही कारखान्याचा तेलकटपणा असतोच, राखेने घासल्याशिवाय आपण त्यात जेवत नाही. राखेने काचेवर चरे पडले असते, म्हणून पेस्टच घेतली. दोनदा घासली. खोबरेल गेलं, आणि पेस्ट गुलाबी होऊन कुंकूही गेलं. वीजबीज पडेल असं वाटलं होतं. एक कोंबडी तेवढी ओरडली. मी बाहेरच्या रबरावर कुंकवाचं नवं बोट लावलं. कुंकू पुसलं नाही, हलवलं.

पण व्हिडिओ अजून संपला नव्हता. पाण्यात शिरायच्या आधी तो माणूस चष्म्यात थुंकला, थुंकी काचेवर फिरवली आणि पाण्याने विसळली.

हे आमच्याकडे कुणाला सांगायचं? माझं उष्टं नवऱ्याच्या डोळ्यावर! त्यालाच थुंक म्हणावं, तर सासूबाईंनी ओवाळलेल्या वस्तूवर तो थुंकला नसता. मी चष्मा पदराखाली घेऊन काठावर गेले, सगळ्यांकडे पाठ केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला मी कधी उलट शब्द बोलले नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तरी नाही, आणि मीठ तर बरोबर असायचं. एकदा थुंकून काम भागलं असतं. मी दोनदा थुंकले. मग काच विसळली आणि चष्मा अदबीने त्याच्या हातात दिला.

तो खाली गेला. बुडबुडे आले, मग तेही थांबले. मी पदराचं टोक चावत राहिले. मग डोकं वर आलं, पाठोपाठ हातात शेवाळलेल्या जाळ्याचं बोचकं.

"लई साफ दिसतंय! पार तळ दिसतोय!"

दिरांनी पंप चालू केला. पाइप दोनदा खोकला आणि पाणी शेताकडे निघालं.

"बगितलंस, आयचं कुंकू हाय म्हून," दीर म्हणाले. सासूबाईंनी चष्मा उलटापालटा करून बघितला, रबरावरचं पुसट कुंकू सापडलं तशा निवांत झाल्या.

नवरा डोकं पुसत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "काय लावलं हुतंस गं?"

"पेस्ट."

"आन?"

"पाणी पोचलं असंल," मी म्हणाले आणि फावडं उचलून पाण्याची दारं धरायला शेतात पळाले. पहिला वाफा भरत आला होता. ढेकळं विरघळताना बारीक चुर्रर आवाज येत होता.